मुख्य कोनांक आणि माझं पत्रक

मी आजवर लिहिलेलं सगळ्यात वाईट वाक्य हिंदीत आहे. "जिन्हें कोणांक नापना नहीं आता, वे हमारा भविष्य क्या नापेंगे?" अकरावीत असताना मी ते एका पत्रकात लिहिलं, पत्रकाच्या प्रती काढल्या आणि शाळेच्या गेटवर उभी राहून वाटल्या. तेव्हा मला ते इतकं आवडलं होतं की रांझीच्या झेरॉक्सवाल्याला मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं मशीनमधून मान वर केली आणि म्हणाला, "बड़ा करारा लिखा है, दीदी." पुढे त्या पत्रकापायी चार दिवस मी जितकी घाबरले, तितकी पुन्हा कधी घाबरले नाही, आणि मी पोलिसांच्या गाडीतही बसून आले आहे.

आमचं घर तिकडे हिंदी मुलखात, खमरियाच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये. बाबा फॅक्टरीत टर्नर आणि युनियनमध्ये पत्रकं लिहिणारे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. पलंगाखाली गठ्ठे असायचे, पिवळे, गुलाबी, शाई हाताला लागणारे. दुसरीत असल्यापासून बाबा मला मजकूर वाचायला लावायचे आणि मी जिथे अडखळेन तिथलं वाक्य खोडायचे. "पोरगी अडखळली म्हणजे गेटवरचा माणूसही अडखळेल," असं म्हणायचे. पहिली ओळ प्रश्नाची हवी, दुसरीत घटना हवी, आणि खाली नाव हवं. बिननावाचं पत्रक ते हातात धरत नसत.

आमच्या घरातली दुसरी पवित्र गोष्ट म्हणजे आत्याची वही. आत्या नागपूरला गणित शिकवायची. मी शाळेत हिंदी, मैत्रिणींत हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी. मराठी फक्त चपला काढून घरात शिरल्यावर. ती सुटू नये म्हणून दर उन्हाळ्यात मला आत्याकडे पाठवायचे, आणि दहावीनंतरच्या सुट्टीत आत्यानं मला एक जाड वही दिली. अकरावीचं अख्खं गणित तिनं स्वतःच्या हातानं मराठीत उतरवलं होतं. आमच्या वर्गात कुणाकडेच असं काही नव्हतं. घरच्या भाषेला जगात काही काम असतं हे मला त्या वहीमुळे पहिल्यांदा वाटलं, म्हणून मी तिच्यावर शंका घेणं शक्यच नव्हतं.

त्या वहीत संमिश्र संख्यांचं प्रकरण होतं. साधी संख्या रेषेवर बसते, संमिश्र संख्येला सपाट मैदान लागतं. आत्यानं लिहिलं होतं: "तुमच्या क्वार्टरच्या मैदानाच्या बरोबर मध्ये उभी राहा. तोंड उगवतीकडे कर. आता कुणी हाक मारली, तर तू दोन गोष्टी विचारशील. माणूस किती लांब आहे आणि किती वळावं लागेल. किती लांब, तो मापांक. किती वळायचं, तो कोनांक." त्याखाली रंगीत पेन्सिलीनं काढलेली चकती आणि एक ओळ: "डावीकडून वळत जायचं. शून्यापासून दोन पायच्या आत." पाय म्हणजे इथे अर्धी फेरी, दोन पाय म्हणजे पूर्ण गिरकी.

मी ते पाठ केलं. नुसतं पाठ केलं नाही, मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळच्या पायऱ्यांवर बसून सात मुलींना शिकवलं. उणे एक, उणे i ही संख्या घ्या. एक पाऊल मागे, एक पाऊल उजवीकडे. उगवतीपासून डाव्या बाजूनं वळत गेलं की अर्धी फेरी होते आणि वर पाव फेरीचा अर्धा. 5π/4. मुली म्हणाल्या, मॅडमपेक्षा तुझंच कळतं. हे ऐकायला गोड लागलं, हे मी लपवत नाही.

गणिताच्या मॅडम त्या वर्षीच आल्या होत्या. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या, बारीक आवाजाच्या, महाराजपुरहून दोन बस बदलून यायच्या. फळ्यावर लिहिताना पाठमोऱ्या बोलायच्या आणि मागच्या बाकांपर्यंत काही पोचायचं नाही. मला त्यांचा राग होता असं नाही. माझं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. माझ्याकडे वही होती.

फेब्रुवारीत वार्षिक परीक्षेआधीची चाचणी झाली. त्यात नेमकी हीच संख्या आली. आम्ही आठ जणींनी 5π/4 लिहिलं आणि आठही जणींच्या उत्तरावर लाल रेघ आली. शेजारी मॅडमनी लिहिलं होतं: −3π/4.

सात मुलींनी माझ्याकडे पाहिलं.

मी मॅडमना विचारायला गेले नाही. हे मला आजही कळत नाही आणि कळतंही. ज्या घरात मी वाढले त्या घरात अन्याय दिसला की कुणी केबिनमध्ये जाऊन हळूच विचारत नसे, पत्रक निघत असे. मी त्या संध्याकाळी बसून पत्रक लिहिलं. शीर्षक: "सही उत्तर पर लाल निशान क्यों?" मग घटना, मग ते वाक्य. खाली माझं नाव, वर्ग, हजेरी क्रमांक. वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुलींच्या सह्या घेतल्या आणि एक प्रत पाकिटात घालून शिक्षण खात्याच्या वरच्या कार्यालयात पाठवली. खाली "प्रतिलिपि" असं लिहिलं की कागदाला वजन येतं, हे मला पाचवीपासून माहीत होतं.

आठ दिवस काही झालं नाही. मग गुरुवारी प्राचार्यांनी मला बोलावलं. त्या मोठ्या बाई होत्या, आवाज कधी चढवत नसत. म्हणाल्या, "बेटा, ऊपर से चिट्ठी आई है. सोमवार को ग्यारह बजे एक साहब आएँगे, कॉपियाँ देखेंगे. तुम भी रहोगी, मैडम भी." मी "जी" म्हटलं आणि छाती फुगवून बाहेर आले. घरी पोचल्यावर पहिलं काम म्हणून आत्याला फोन लावला.

"आत्या, ऐक नं, आमच्या मॅडमनं तुझं उत्तर कापलं."

"माझं? मी कुठे पेपर दिला, बाई?"

"तुझ्या वहीतलं. उणे एक, उणे i. मी फाइव्ह पाय बाय फोर लिहिलं, तिनं लाल केलं. म्हणते मायनस थ्री पाय बाय फोर."

"बरोबर आहे."

"बरोबर आहे नं! मी पण तेच..."

"अगं, तिचं बरोबर आहे. तुमच्या तिकडच्या पुस्तकात उणे पाय ते पाय धरतात. अर्धी फेरी डावीकडून, अर्धी उजवीकडून. मुख्य कोनांक विचारला असेल. पेपरावर मर्यादा दिली असेल, बघ."

"मग तू वहीत शून्य ते दोन पाय काहून लिहिलंस?"

"कारण मी जन्मभर तेच शिकवलं. इकडे आम्ही तेच धरत आलो. हे बघ, एकाच माणसाकडे तू डावीकडून वळून पाहू शकतेस आणि उजवीकडूनही. माणूस हलत नाही. वरून आणखी एक गिरकी घेतलीस तरी तोच दिसेल. असे कोन हवे तितके. म्हणून आधी ठरवून घ्यायचं की त्यातला कोणता लिहायचा, आणि जो ठरवलाय तो प्रश्नात सांगायचा. त्यालाच मुख्य म्हणायचं. तू आपलं पुस्तक उघडून पाहिलं नाहीस का गं?"

मी दप्तराकडे पाहिलं.

"भांडली-बिंडली तर नाहीस नं तिथे कुणाशी?"

"नाही," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि दप्तरातून प्रश्नपत्रिका काढली. चार घड्या घालून कंपासपेटीत ठेवली होती. उलगडताना मला आधीच माहीत होतं. "सम्मिश्र संख्या −1 − i का मुख्य कोणांक ज्ञात कीजिए, जहाँ −π < θ ≤ π." स्वल्पविरामानंतरचं मी परीक्षेत वाचलं नव्हतं. नंतर पत्रक लिहितानाही वाचलं नव्हतं. प्रश्न ओळखीचा वाटला की आपण अर्ध्यावर वाचणं थांबवतो. शाळेचं पुस्तक काढलं. तिथेही चौकटीत तेच होतं. त्या पानावर माझी पेन्सिलीची एकही खूण नव्हती.

भीती कशी येते ते मी नंतर पुष्कळदा लिहिण्याचा प्रयत्न केला. ती आधी पोटात येत नाही. माझ्या बाबतीत ती कानात आली. बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, किक मारण्याचा आवाज येत होता, आणि प्रत्येक किकला मला वाटत होतं की हे माझ्यासाठीच आहे. मी आईला सांगितलं की डोकं दुखतंय आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मी वाट शोधत होते. दिशा तर तीच आहे ना? 5π/4 हा त्या संख्येचा कोनांक आहेच, कुणीही नाही म्हणू शकत नाही. साहेबांना मी असं सांगू शकत होते. मला बोलता येत होतं, मॅडमना येत नव्हतं. मी मोठ्यानं बोलले असते तर त्या गडबडल्या असत्या, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि तसं करण्याची इच्छा मला झाली. या गोष्टीत मला सगळ्यात जास्त भीती माझ्या त्या इच्छेची वाटते.

शुक्रवारी त्यांचा तास होता. त्या आल्या, हजेरी घेतली, फळ्याकडे वळल्या. खडू दोनदा तुटला. नेहमी पाठमोऱ्या बोलायच्या, त्या दिवशी बोलल्याच नाहीत, नुसतं लिहीत गेल्या. माझ्या बाजूला बसणारी मैत्रीण, जिच्या वडिलांचं भेड़ाघाटला संगमरवराच्या मूर्तींचं दुकान होतं आणि जी माझ्या सात विद्यार्थिनींपैकी एक होती, ती माझ्या कानाशी लागली.

"देख, कैसी डरी हुई है. सोमवार को तो गई."

"कुठे गेली?" मी चुकून मराठीत विचारलं.

"अरे, अतिथि शिक्षक है न. पक्की थोड़ी है. इनकी तो हर साल लिस्ट लगती है. शिकायत हो गई, अब कौन रखेगा? घर में माँ बीमार है इनकी, बस में मेरी दीदी को बता रही थीं." मग माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाली, "तूने तो कमाल कर दिया, नेताजी!"

मला हे माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. आणि माहीत करून घेतलंही नव्हतं. कंत्राटी कामगारांवर बाबांनी लिहिलेली पत्रकं मला पाठ होती. वर्षभर कमी पगारात राबवायचं आणि सत्र संपलं की दार दाखवायचं, वर त्याला पाहुण्यासारखं गोड नाव द्यायचं, यावर मी कुठेही दहा मिनिटं भाषण ठोकलं असतं. माझ्यासमोर तीन हातांवर तशीच एक बाई उभी होती आणि मी तिच्यावरच पत्रक काढलं होतं, वर वरच्या कार्यालयाला प्रत.

तास संपल्यावर मी उठले. त्यांच्या मागे व्हरांड्यापर्यंत गेले. त्या वळल्या, मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी थांबले. त्या मला घाबरल्या होत्या. सोळा वर्षांच्या मला. मी "कुछ नहीं, मैडम" म्हटलं आणि परत फिरले.

शनिवारी दुपारी बाबा अर्धी पाळी करून आले ते हसतच. हातात द्रोण. खोव्याची जिलबी. पोहे गरम करणाऱ्या आईला हाक मारून म्हणाले, "ऐकलं का? आज गेटवर सगळे मला विचारून राहिले होते, तुमच्या पोरीनं पर्चा काढला म्हणून. एक म्हणते, भैया, बेटी तो तुमसे तेज निकली! मला दाखवलाही नाही यांनी." 'यांनी' म्हणजे मी. मला चिडवायचं असलं की बाबा मला आदरार्थी बोलायचे.

जिलबी काळपट, गरम, तुपानं चकचकीत. मी एक तुकडा तोंडात घातला आणि तो तिथेच राहिला.

"काहून गं? काय झालं? गोड लागून नाही राहिली का?"

मी द्रोण खाली ठेवला आणि सांगितलं. प्रश्नपत्रिका दाखवली, पुस्तक दाखवलं, आत्या काय म्हणाली ते सांगितलं. शेवटी म्हटलं, "पण बाबा, कोन तसा चुकीचा नाहीये. दिशा तीच आहे."

बाबांनी प्रश्नपत्रिका चष्म्याजवळ धरली. बराच वेळ धरली. त्यांना कोनांक माहीत नव्हता, पण कोन माहीत होते, आयुष्यभर तेच कापले होते.

"हे जहाँ लिहिलंय, याच्यापुढचं काय आहे?"

"कुठून कुठपर्यंतचा कोन घ्यायचा ते."

"म्हणजे ड्रॉइंगवर दिलेलं होतं." त्यांनी चष्मा काढला. "आमच्याकडे ड्रॉइंगवर असते, कोन कोणत्या बाजूनं मोजायचा ते. मी दुसऱ्या बाजूनं मोजून कापला आणि साहेबाला म्हटलं की साहेब, कोन तर बरोबर आहे, तर तो काय म्हणेल? कापलेला अख्खा जॉब भंगारात जाते. आणि मी त्याच्यावर पर्चा काढला तर?"

मी पुस्तक मिटलं.

"पक्की आहे का ती बाई?"

"नाही. अतिथी आहे."

बाबा उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. आई दारात आली. तिला सगळं ऐकू गेलं होतं. म्हणाली, "हे पाह, सोमवारी तू शाळेत जाऊच नको. ताप आला म्हण. साहेब येतील, पाहतील, त्यांना कळेलच नं कोण बरोबर ते. तू मध्ये काहून पडतेस? काढून टाकलं शाळेतून तर? बारावी कुठे करशील?"

आईचं म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. मला तेच हवं होतं. मी जवळजवळ "बरं" म्हटलं.

बाबा आत आले. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचा आवाज उलट खाली गेला होता. म्हणाले, "युनियनमध्ये एक रीत आहे, तुला कधी सांगायची वेळ आली नाही. पत्रकातली गोष्ट खोटी निघाली तर दुसरं पत्रक काढावं लागतं. त्याच आकाराचं, तितक्याच प्रतींचं, त्याच गेटवर आणि त्याच माणसाच्या हातानं. माझ्यावर एकदा वेळ आली होती. स्टोअरमधल्या एका माणसावर मी लिहिलं होतं. तो त्या दिवशी कामावर नव्हताच, मी हजेरी पाहिली नव्हती."

"मग तुम्ही वाटलंत दुसरं?"

"वाटलं नं."

"त्यांनी माफ केलं?"

"नाही," बाबा म्हणाले. "तो रिटायर होईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. त्याच्यासाठी नसते ते. ज्यांनी पहिलं वाचलं, त्यांच्यासाठी असते."

रविवारी मी लिहायला बसले. पहिलं पत्रक लिहायला मला तासभर लागला होता, हे लिहायला दिवस गेला. पहिली ओळ प्रश्नाची जमेना. प्रश्न कुणाला विचारणार? शेवटी मी साधंच लिहिलं: "मेरा पिछला पर्चा ग़लत था. प्रश्न में मुख्य कोणांक की सीमा दी हुई थी. मैंने पढ़ी नहीं. मैडम का उत्तर सही है." मग ते कोनांक-बिनांकवालं वाक्य मी पूर्ण उतरवलं आणि पुढे लिहिलं की हे लिहिल्याबद्दल मी माफी मागते. आई मागे उभी राहून वाचत होती. "ते वाक्य पुन्हा काहून लिहितेस? आणि नाव तरी काढ. 'एक छात्रा' लिही." बाबांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. नाव राहिलं. मजकूर बाबांना वाचून दाखवला. मी चार ठिकाणी अडखळले. त्यांनी एकही शब्द खोडला नाही.

सोमवारी दहा वाजता मी गेटवर उभी होते. पहिल्या वेळी हात कसे सरसर चालले होते. त्या दिवशी कागद घामानं ओले झाले. मुली घ्यायच्या, चार पावलं चालायच्या, थांबायच्या आणि वळून पाहायच्या. भेड़ाघाटवाल्या मैत्रिणीनं वाचून कागद माझ्याच हातात परत दिला.

"पागल है क्या? हमारे साइन थे उसपे! अब हम सब झूठे हुए?"

"झूठी मी. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला," मी हिंदीत सांगायचा प्रयत्न केला, पण शब्द मराठीच येत होते.

"तू अपनी नागपुर वाली कॉपी लेके बैठ. हमको मत सिखाना अब," ती म्हणाली आणि गेली. तिनं उरलेलं वर्ष माझ्या शेजारी बसणं सोडलं.

अकरा वाजता मी प्राचार्यांच्या खोलीत गेले. साहेब खिडकीशी बसले होते. मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीच्या अगदी कडेवर, मांडीवर कापडी पिशवी. प्राचार्यांच्या टेबलावर माझी दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी होती. दुसरं माझ्याआधी तिथे पोचलं होतं.

साहेब म्हणाले, "तो शिकायत वापस ले रही हो?"

'वापस' म्हटलं की कागद निघून जातो, पण तक्रार खरी होती की खोटी ते कुठे लिहिलं जात नाही. पत्रकांच्या घरात वाढल्याचा तेवढा उपयोग झाला. मी म्हटलं, "वापस नहीं, सर. शिकायत ग़लत थी. लिख लीजिए, ग़लत थी."

त्यांनी लिहिलं. मग पेन ठेवून मॅडमकडे वळले. "फिर भी मैडम, आठ-आठ लड़कियाँ एक ही ग़लती करें, तो बात क्लास में ठीक से समझाई नहीं गई होगी. यह तो मानेंगी आप?"

मॅडमनी पिशवी उघडली. आत चार पुस्तकं होती, प्रत्येकात कागदाच्या चिठ्ठ्या. तीन दिवस त्या ती चार पुस्तकं घेऊन बसल्या असणार. त्यांनी पहिलं पुस्तक काढलं, उघडलं, पण चिठ्ठी खाली पडली आणि पान सापडेना. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती, आवाज येत नव्हता. साहेब वाट पाहत होते. त्या शांततेत काहीतरी ठरत चाललं आहे हे मला कळत होतं, आणि मी आणखी बोलले तर माझ्यावर काय येईल तेही.

"समझाया था," मी म्हणाले. "तारीख़ के साथ मैडम ने बोर्ड पर लिखवाया था, सबकी कॉपी में है. मैंने नहीं सुना. मेरे पास घर की कॉपी थी, उसमें दूसरी सीमा थी. बाकी सात को मैंने सिखाया. मैडम ने नहीं."

त्यांनी लिहवून घेतलं होतं हे खरं होतं. रविवारी मी माझी शाळेची वही चाळली तेव्हा तिथे माझ्याच अक्षरात ती मर्यादा होती. हातानं उतरवली होती, डोक्यापर्यंत गेली नव्हती.

साहेबांनी माझी शाळेची वही मागवली. प्राचार्यांनी पाहिली, त्यांना दिली. ते बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "ठीक है. जाओ." काय ठीक आहे ते कुणीच विचारलं नाही. मला प्राचार्यांनी दोन आठवडे प्रार्थनेच्या रांगेत पुढे वेगळं उभं केलं, सगळ्यांना दिसेल असं. शाळेतून काढलं नाही. मॅडम वार्षिक परीक्षेपर्यंत शिकवत राहिल्या. माझ्याशी त्या कामापुरतं बोलल्या, तेही इतरांशी बोलायच्या तसंच. मग सत्र संपलं आणि त्यांचं काम संपलं.

अतिथी शिक्षकांची ती यादी जूनमध्ये लागायची. त्या उन्हाळ्यात मी नागपूरला गेले नाही. आत्याचे फोन आले, मी कारणं सांगितली. रोज सकाळी सायकल घेऊन शाळेकडे जायचे, नोटीस बोर्ड पाहायचे, रिकामा असायचा, परत यायचे. घरी कुणी काही विचारत नसे. बाबा फक्त मी सायकल भिंतीला टेकवताना मान वर करायचे आणि मी नाही म्हणून मान हलवायचे. एकदा स्वप्नात यादी लागली आणि तिच्यावर सगळी नावं होती, माझंही होतं, त्यांचं नव्हतं.

जूनच्या मध्यात एका सकाळी बोर्डाच्या काचेमागे कागद दिसला. मी सायकल उभी न करताच तिथे गेले, ती मागे आडवी पडली. वाचायला सुरुवात केली आणि डोळे ओळीवर थांबेनात. हिंदी, संस्कृत, रसायन. मी बोट काचेवर ठेवून एकेक ओळ वाचत खाली आले. गणिताची ओळ पाचवी होती. नाव त्यांचं होतं. मी ते तीनदा वाचलं, वडिलांच्या नावासकट, कारण त्याच नावाची दुसरी कुणी असू शकते असं मला वाटत होतं.

"देख लिया?"

मी वळले. मॅडम मागे उभ्या होत्या. चेहऱ्याभोवती ओढणी गुंडाळलेली, उन्हानं कपाळ लाल. त्या नुकत्याच दुसऱ्या बसमधून उतरल्या असणार. त्या किती वेळ तिथे होत्या, त्यांनी यादी आधीच पाहिली होती की माझ्या बोटामागून पाहिली, मला माहीत नाही.

"जी, मैडम. है. आपका नाम है."

त्यांनी मान डोलावली. त्या पुढे आल्या, मी बाजूला झाले, आणि त्यांनी स्वतः वाचलं. माझ्यासारखंच, काचेवर बोट ठेवून, वरपासून. नावापाशी आल्यावर बोट तिथेच राहिलं. मला वाटलं, त्या आता काहीतरी बोलतील. त्या पत्रकाबद्दल, त्या वाक्याबद्दल, साहेबांच्या समोरच्या दिवसाबद्दल. मी वाट पाहत होते, आणि जवळजवळ फेब्रुवारीइतकीच घाबरलेली होते.

"साइकिल उठाओ," त्या म्हणाल्या. "और घर जाओ. धूप बहुत है."

मग त्या ऑफिसच्या दिशेनं गेल्या, रुजू होण्याच्या कागदावर सही करायला. मी सायकल उचलली. हँडल वाकडं झालं होतं. पुढचं चाक गुडघ्यांत धरून ते सरळ करायला गेले तर जमेना, तशीच सायकल हातात धरून घरी निघाले.